डेक्सा नसलेल्या एकवीस बाटल्या

मला सही करायला दिलेला कागद अर्ध्या पानाचा होता. वर तारीख, खाली माझं पद आणि सहीसाठी टिंबांची एक रेघ. मधे टाइप केलं होतं, ‘माझ्या हलगर्जीपणामुळे सदर एकवीस बाटल्यांतील मीडियम अपूर्ण राहिले व त्यावर केलेले प्रयोग सदोष ठरले, हे मी मान्य करते.’ बस, एवढंच. सही केली की मला एक ताकीद मिळणार, ती माझ्या फायलीत जाऊन झोपणार, आणि निवृत्तीला उरलेली सहा वर्षं मी सुखाने काढणार. सरांनी, म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, स्वतःचं पेन पुढे केलं. मी म्हटलं, “सर, चष्मा घरी राहिलाय.” चष्मा माझ्या नाकावरच होता. त्यांनी तो पाहिला, मीही त्यांना पाहू दिला, आणि कागद घडी घालून पर्समध्ये टाकला.

“सोमवारी चौकशी समिती बसेल,” सर म्हणाले. “आज मंगळवार. तोवर सही होऊन जाऊ दे.”

मी शास्त्रज्ञ नाही, हे आधीच सांगून टाकते. मी कल्चर रूममध्ये पेशींचं खाणं बनवते, त्याला मीडियम म्हणतात. एकोणीस वर्षं झाली. सगळे मला ताई म्हणतात, माझ्यापेक्षा वयाने मोठे असलेलेसुद्धा. आमच्या प्रयोगशाळेत हाडं बांधणाऱ्या पेशी वाढवतात. लोकांना वाटतं हाड एकदा झालं की झालं. कसलं काय. हाड रोज थोडं मोडतं आणि रोज थोडं बांधलं जातं, आणि ते बांधणाऱ्या पेशी महा नखरेल. खाणं जरा गार लागलं की रुसतात, आंबट झालं की मान टाकतात. मी दोन मुलं वाढवली, एवढा त्रास त्यांनी दिला नाही.

या पेशींना वाढायला एक घटक लागतो. तो मोकळा फिरत नाही, त्याला धरून ठेवणारी सहा प्रथिनं असतात आणि आम्ही त्यांना नंबराने ओळखतो. चौथं खाष्ट आहे, वाढीच्या घटकाला असं धरून बसतं की पेशीच्या वाट्याला काही येऊच देत नाही. पाचवं समजूतदार, तेच त्या घटकाला हाडापाशी नेऊन ठेवतं, लागेल तेव्हा हाताशी. आता कुठलं प्रथिन किती करायचं, हे पेशी एकटी ठरवत नाही. वरून हार्मोन येतात आणि हुकूम सोडतात. एक येतो आणि चौथं वाढवतो, दुसरा येतो आणि पाचवं कमी करतो. एवढं मला एकोणीस वर्षांत ऐकून ऐकून पाठ झालंय.

सरांचं नाव झालं ते या पाचव्या प्रथिनावर. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी लेख लिहिला, की कॉर्टिसॉल नावाचा हार्मोन माणसाच्या हाडांच्या पेशींवर टाकला तरी पाचव्या प्रथिनाला काहीही होत नाही. दुसरीकडे कोणाकोणाला उलट दिसलं होतं. सर म्हणायचे, त्यांच्या पेशी उंदरांच्या, आपल्या माणसाच्या. सरांचा आवाज मोठा आणि प्रयोगातला हातही स्वच्छ, त्यामुळे आमच्या इमारतीत तो विषय तिथेच मिटला. पुढे त्या लेखाच्या पायावर सात जणांनी पीएचडी केली.

आठवी चिमणी. अंगाने एवढीशी म्हणून चिमणी, नाहीतर पस्तिशीची बाई आहे, शाळेत जाणारी मुलगी आहे तिला. पाच वर्षं झाली तिला पीएचडीला, एकदा मुदत वाढवून घेतली, आता महिनाअखेरीस ती संपणार होती. तिला सरांचा जुना प्रयोग एकदा करून दाखवायचा होता, म्हणजे तिच्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण उभं राहील. सोपं काम. कॉर्टिसॉल टाकायचं, काही होत नाही हे दाखवायचं, पुढे जायचं.

पण झालं. पाचव्या प्रथिनाचा तीन हिश्शांतला एकच हिस्सा उरला. तिने पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. ज्या फिल्मवर प्रथिनं काळ्या पट्ट्यांसारखी उमटतात, ती घेऊन ती माझ्याकडे धावत आली. “ताई, बघा ना, ही पट्टी इथे जाड आहे आणि इथे जवळजवळ नाहीच.” तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी म्हटलं, “अगं, रडतेस काय, सरांना दाखव.” माझंच तोंड.

सरांनी पुन्हा करायला सांगितलं. चौथ्यांदा केलं तर पट्ट्या सगळ्या सारख्या. पाचव्यांदा केलं, सारख्या. सरांनी तिला सगळ्यांसमोर झापलं. हात अस्वच्छ, डोकं घरी, मुदत संपत आली म्हणून हवं ते दिसायला लागलंय, असं काय काय. मला बघवेना, म्हणून मी माझी वही काढली. मी रोज कुठली बाटली कधी केली आणि त्यात काय काय घातलं, ते लिहून ठेवते. म्हटलं, पहिल्या तीन वेळच्या बाटल्यांत काही वेगळं होतं का ते तरी पाहू.

होतं. त्या तीन आठवड्यांत डेक्सा संपलं होतं.

डेक्सा म्हणजे एक औषध. आमच्या कपाटाच्या दाराला आतून एक कार्ड चिकटवलेलं आहे, माझ्याआधी इथे ज्या बाई होत्या त्यांच्या अक्षरातलं. त्यावर मीडियमची कृती आहे आणि नववी ओळ आहे, ‘डेक्सा, अर्ध्या लिटरला पन्नास मायक्रोलिटर’. त्याने पेशी लवकर पक्व होतात म्हणून बाईंनी ते सुरू केलं. मी पहिल्या दिवसापासून ते टाकते आणि बाटलीवर ‘पूर्ण’ असं लिहिते. ‘पूर्ण’ लिहिलेली बाटली फ्रिजमधून घ्यायची, वापरायची, हीच आमची पद्धत. आत काय आहे हे विचारायची पद्धत नाही. सरांच्या लेखातसुद्धा ‘नेहमीचे मीडियम’ एवढंच छापलंय.

तर डेक्सा संपलं, नवीन यायला तीन आठवडे लागले. त्यावाचून पेशी काही मरत नाहीत, म्हणून मी ते न टाकताच बाटल्या केल्या, वहीत लिहिलं ‘डेक्सा नाही, संपलं’, आणि सरांना सांगणार होते. त्याच दुपारी घरून फोन आला की सासूबाई मोरीत पडल्या, मनगट मोडलं. मी तशीच पळाले. परत आले तेव्हा डोक्यातून गेलं होतं. बाटल्यांवर सवयीने ‘पूर्ण’ लिहून बसले होते. ही माझी चूक, ती मी नाकारत नाही.

मी वही सरांसमोर उघडली आणि सरळ सांगितलं, “सर, या एकवीस बाटल्यांत डेक्सा नव्हतं. सांगायचं राहिलं.”

सर वहीकडे बघत राहिले. मी त्यांना एकोणीस वर्षं ओळखते. एखादी गोष्ट त्यांच्या लक्षात आली, की ते उजव्या हाताने घड्याळाचा पट्टा फिरवतात. तेव्हा त्यांनी तो फिरवला. मग म्हणाले, “म्हणजे मीडियम अपूर्ण होतं. झालं तर मग. प्रश्न मिटला.” आणि तासाभरात तो अर्ध्या पानाचा कागद तयार झाला.

मंगळवारी संध्याकाळी मी तो घरी जेवणाच्या टेबलावर ठेवला. नवऱ्याने वाचला आणि म्हणाला, “यात एवढं काय आहे? चूक केलीस ना? मग सही कर आणि मोकळी हो.” आमचा हा माणूस असाच आहे. शिंप्याचं दुकान चालवतो, मापात चूक झाली की उसवतो आणि पुन्हा शिवतो. त्याला वाटतं सगळ्या जगाला शिवण असते.

“चिमणीचं काय होईल?” मी विचारलं.

“तिचं ती बघेल. तू काय जगाचा ठेका घेतलायस?”

सासूबाई पलीकडे बसून एका हाताने गोळ्यांचा डबा लावत होत्या. दुसरा हात प्लास्टरमध्ये. त्यांना दमा आहे. चौदा वर्षं त्या स्टेरॉइडची गोळी घेतात, नाहीतर श्वास घेता येत नाही. श्वास राहिला, पण हाडं गेली. पाठीचे दोन मणके आपोआप दबले. लग्न होऊन आले तेव्हा त्या माझ्याहून उंच होत्या आणि तेवढ्यावरून मला ऐकवायच्या, आता माझ्या खांद्याला लागतात. ऐकवणं मात्र कमी झालं नाही. माझ्या कामाबद्दल मी घरी इतकं बडबडते की त्यांना ती सहा प्रथिनं माझ्याइतकीच पाठ आहेत. चौथ्याला त्या त्यांच्या नणंदेच्या नावाने हाक मारतात.

“ते डेक्सा म्हणजे काय गं?” त्यांनी विचारलं.

“औषध आहे, आई. पेशींसाठी.”

“ते कळलं. कसलं?”

“स्टेरॉइड.”

“म्हणजे माझ्या गोळीसारखं?”

“त्याच घरातलं. तुमच्या गोळीचा थोरला भाऊ म्हणा.”

“आणि ती चिमणी पेशींवर काय टाकून बघत होती?”

“कॉर्टिसॉल.”

“ते कुठल्या घरातलं?”

मी तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. सगळं माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि डोक्यात शिरणं वेगळं. कॉर्टिसॉल आणि डेक्सा एकाच घरातले. डेक्सा तर पंचवीस-तीसपट जोरदार.

“ज्याला आधीच गळ्यापर्यंत वाढलंय,” सासूबाई म्हणाल्या, “त्याच्या पानात आणखी एक चमचा घालून तुमच्या सरांना काय कळणार होतं?”

प्रयोगाआधी पेशींना एक दिवस उपाशी ठेवतात, म्हणजे रक्तापासून काढलेलं सीरम देत नाहीत, कारण सीरममध्ये ही प्रथिनं आधीपासून असतात आणि मोजण्यात घोळ होतो. पण डेक्सा सीरममध्ये नव्हतं, माझ्या मूळ बाटलीत होतं. उपाशी पेशीसुद्धा ते पीत होत्या. ज्यांना कॉर्टिसॉल दिलं त्या आणि ज्यांना नाही दिलं त्या, दोन्हींचं पाचवं प्रथिन मी आधीच पाडून ठेवलेलं. मग फरक दिसणार कुठून? अकरा वर्षं सरांना फरक दिसला नाही, कारण तो मी रोज सकाळी पन्नास मायक्रोलिटरने पुसत होते. आणि ज्या तीन आठवड्यांत पुसला नाही, त्यांच्यासाठी सर माझ्याकडून माफीनामा मागत होते.

“आई,” मी म्हटलं, “तुमच्यासारख्या माणसांची हाडं स्टेरॉइडने कशी झिजतात हे शोधायची एक वाट या पाचव्या प्रथिनातून जाते. सरांनी सांगितलं इथे काही नाही, म्हणून आमच्याकडे कोणी शोधलं नाही. आणि सरांनी तसं सांगितलं माझ्या बाटल्यांमुळे.”

मला रडू आलं. सासूबाईंनी रडू दिलं, मग म्हणाल्या, “पुरे. आता सही करशील तर या घरात माझ्या पानाशी बसू नकोस.” नवरा म्हणाला, “आई, तिच्या नोकरीचा प्रश्न आहे.” त्या म्हणाल्या, “आणि माझ्या पाठीचा नाही का?” त्यावर त्याने वर्तमानपत्र उघडलं.

बुधवारी सकाळी मी चिमणीला गाठलं. ती आपला कप्पा रिकामा करत होती. पिपेटवरून स्वतःच्या नावाची चिकटपट्टी सोलत होती. मी सगळं सांगितलं. ती ऐकत ऐकत स्टुलावर बसली आणि म्हणाली, “ताई, मी का नाही विचारलं बाटलीत काय आहे?”

“कारण या इमारतीत कोणीच विचारत नाही. ऊठ आता. चार दिवस आहेत.”

तिने करून चाललं नसतं, तिच्या हातांवर आधीच ठपका होता. म्हणून मी करायचं ठरवलं. एकोणीस वर्षांत मी पेशींना खाऊ घातलं, पण प्रयोग एकही केला नव्हता, मला तशी परवानगीच नाही. मी चार ताटल्या लावल्या. दोन डेक्सा नसलेल्या मीडियममधे, दोन असलेल्या. प्रत्येक जोडीतल्या एकीला कॉर्टिसॉल. गुरुवारी पेशी उपाशी, मग चोवीस तास हार्मोन. शनिवारी मी त्यांच्यावरचं पाणी चार नळ्यांत गोळा केलं. मी बाहेर गेले तेव्हा चिमणीने नळ्यांवर रंगीत ठिपके लावले आणि कुठला रंग कशाचा ते पाकिटात बंद करून ग्रंथपाल बाईंकडे दिलं, म्हणजे मला कळू नये. मग मी ते पाणी प्रथिनं वेगळी करणाऱ्या जेलवर चालवलं. जेलमधली पहिली विहीर, म्हणजे थेंब सोडायचा खळगा, मी चुकवली आणि शिवी घातली. रविवारी दुपारी फिल्म धुतली.

चार रकाने. लाल ठिपक्याच्या रकान्यात पाचव्या प्रथिनाची पट्टी जाड, काळी. बाकीच्या तीनही रकान्यांत पुसट. ग्रंथपाल बाईंना घरून बोलावून पाकीट उघडलं. लाल म्हणजे डेक्साही नाही आणि कॉर्टिसॉलही नाही. चिमणीने मला मिठी मारली. मी म्हटलं, “बाई, हातमोजे काढ आधी.”

समितीआधी सरांना दाखवणं मला भाग होतं. त्यांनीच मला कायम करून घेतलं होतं. माझ्या दुसऱ्या बाळंतपणात कंत्राट संपत होतं, ऑफिस म्हणत होतं नवीन बाई घ्या, सर भांडले आणि माझ्या नावाचं पत्र घेऊन आले. मी त्यांचं मीठ खाल्लंय. सोमवारी सकाळी नऊला मी फिल्म त्यांच्या टेबलावर ठेवली आणि कुठल्या रकान्यात काय आहे ते सांगितलं.

त्यांनी ती उजेडाला धरली नाहीच. “मला कळलं होतं, ताई,” ते म्हणाले. “तुम्ही वही उघडलीत त्याच मिनिटाला.”

हे मी धरून चालले होते.

“मग सर, तो कागद?”

“सात मुलांच्या पीएचड्या आहेत त्यावर. त्यांच्या नोकऱ्या आहेत. मी चार महिन्यांनी निवृत्त होतो. त्यानंतर ज्याला जे शोधायचं ते शोधू दे. चिमणीला मी दुसरा विषय देईन.”

“तिची मुदत महिनाअखेर संपते.”

“वाढवून घेऊ.”

“एकदाच वाढते, सर. गेल्या वर्षीच्या पत्रावर तुमचीच सही आहे.”

ते घड्याळाचा पट्टा फिरवत राहिले. मग हळूच म्हणाले, “मी तुमच्यासाठी काय केलंय, ते विसरू नका.”

हे बोलायला नको होतं त्यांनी. तोवर माझं मन दोन्हीकडे होतं, खोटं कशाला सांगू. केबिनमध्ये शिरताना पर्समधला कागद मी एकदा चाचपलासुद्धा होता. पण उपकार मोजून दाखवले की माझं डोकं फिरतं. हा माझा जुना दोष आहे आणि या वयात तो जाणार नाही.

“विसरले नाही,” मी म्हटलं. “तुम्ही माझ्यासाठी ऑफिसशी भांडलात, कारण मी बरोबर होते. आज चिमणी बरोबर आहे. तुम्ही भांडत नाही, म्हणून मी भांडते.” आणि फिल्म उचलून बाहेर आले.

समिती अकराला बसली. संचालक बाई मधे, एका बाजूला प्रशासन अधिकारी, दुसऱ्या बाजूला सर. चिमणी दाराजवळच्या खुर्चीत. प्रशासन अधिकाऱ्यांनी विचारलं, “ताई, कबुलीजबाबावर सही केलीत का?”

“केली,” मी म्हटलं. सरांनी झटकन वर पाहिलं. चिमणीचा चेहरा पांढरा पडला. “पण मजकूर थोडा होता, म्हणून मागच्या बाजूला पुरा केलाय. आवक विभागाचा शिक्का साडेदहालाच घेतलाय, त्यामुळे आता तो फाडता येणार नाही. वाचून दाखवते.”

मी उभी राहून वाचलं. “एकवीस बाटल्यांत मी डेक्सा टाकलं नाही आणि तसं सांगितलं नाही. त्या बाटल्या या प्रयोगासाठी बरोबर होत्या. त्याआधीच्या अकरा वर्षांत, सरांच्या पहिल्या लेखाच्या प्रयोगापासून, तीन हजार नऊशे बारा बाटल्यांत मी डेक्सा टाकलं. तेही कोणाला सांगितलं नाही, कारण कोणी विचारलं नाही. त्या प्रत्येक बाटलीतल्या पेशी आधीच स्टेरॉइडमध्ये होत्या, त्यामुळे कॉर्टिसॉलचा परिणाम त्यांच्यावर दिसणं शक्य नव्हतं. माझा हलगर्जीपणा नोंदवायचा असेल तर एकवीस बाटल्यांचा नोंदवू नये. तीन हजार नऊशे बारांचा नोंदवावा. वह्या सोबत जोडल्या आहेत.”

खाली माझी सही होती, पूर्ण नावाची. मी सोबतच्या पिशवीतून अकरा वह्या काढून टेबलावर ठेवल्या आणि त्यांवर फिल्म ठेवली.

प्रशासन अधिकाऱ्यांना अर्धं कळलं होतं आणि त्यांना भीती पूर्ण वाटत होती. संचालक बाई मात्र स्वतः पेशींवर काम केलेल्या. त्यांनी फिल्म खिडकीकडे धरली, चारही रकाने पाहिले, मग सरांना विचारलं, “डॉक्टर, तुमच्या लेखात डेक्साचा उल्लेख आहे?”

सर हो म्हणू शकले असते. लेख कोणी तिथे उघडणार नव्हतं. त्यांनी हात टेबलाखाली घेतले.

“नाही,” ते म्हणाले.

त्या एका शब्दासाठी मी त्यांना पुष्कळ माफ केलं. सगळं नाही.

संचालक बाईंनी चिमणीचे पहिले तीन प्रयोग ग्राह्य धरले आणि प्रबंध पुढे पाठवायला सांगितलं. सरांच्या लेखाबद्दल त्यांना स्वतःला मासिकाला कळवायला सांगितलं, महिनाभरात. मग माझ्याकडे वळल्या. “ताई, परवानगीशिवाय प्रयोग केलात आणि मीडियम बदलल्याचं कळवलं नाहीत. तुम्हाला कल्चर रूममध्ये ठेवता येणार नाही. उद्यापासून काच धुण्याच्या खोलीत.”

“चालेल,” मी म्हटलं. चालणार नव्हतं. माझ्या पेशी दुसऱ्या कोणाच्या हाती जाणार म्हणून मला आतून भडभडून येत होतं. पण तिथे ते दाखवायची माझी तयारी नव्हती.

बाहेर पडताना चिमणीने माझा हात धरला आणि सोडेच ना. मी म्हटलं, “जा, प्रबंध लिही. आणि त्यात मीडियमची कृती नऊच्या नऊ ओळी छाप. नाहीतर मी येऊन तुझे कान उपटीन.”

घरी सासूबाई खिडकीशी बसून वाट बघत होत्या. नवरा दुकान लवकर बंद करून आला होता, आणि त्याने माझ्यासाठी चहा टाकला होता, न सांगता. त्याची माफी अशीच असते. मी सगळं सांगितलं.

“म्हणजे आता ते पाचवं शोधतील?” सासूबाईंनी विचारलं.

“शोधतील. चिमणी शोधेल. मागून आणखी कोणी येतील.”

“मला उपयोग होईल?”

मला खोटं बोलता आलं असतं. दिवसभरात एवढं खरं बोलून झालं होतं की एखादं खोटं खपलं असतं. “नाही, आई,” मी म्हटलं. “या गोष्टींना फार वर्षं लागतात. तुम्हाला नाही होणार.”

त्यांनी प्लास्टरमधला हात मांडीवर नीट ठेवला.

“बरं,” त्या म्हणाल्या. “आणि तुला कुठे टाकलं?”

“बाटल्या धुवायला.”

“मग नीट धू. नाहीतर उद्या त्या पोरीचं काही बिघडलं, तर म्हणतील हिनेच घाण ठेवली.”